‘गेट आउट’ का नव्हे?

श्रोतेहो, आज ज्या दोन लहानशा इंग्रजी शब्दांविषयी बोलण्याचे मी योजिले आहे, ते शब्द इंग्रजी न शिकलेल्या माणसासही ठाऊक असतात. ज्याने शाळेत एखादे वर्ष काढले असेल त्याने ते ऐकलेले असतात. आणि ज्याने कचेरीत साहेबाच्या टेबलापुढे अर्ज धरला असेल, त्याच्याही कानांवर ते कधी ना कधी आदळलेले असतात. ते शब्द म्हणजे ‘गेट आउट’. माझे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर अध्यापनाची पदविका घेऊन मी वर्धा जिल्ह्यातील खेड्यांतून अडतीस वर्षे मास्तरकी केली. तेव्हा इंग्रजीचा पंडित म्हणून मी आपणांपुढे बोलत नाही. परंतु या दोन शब्दांचा एक हिशेब माझ्याकडे बाकी आहे. आणि आमच्या जिल्ह्याशी निगडित असलेल्या एका मोठ्या ऐतिहासिक प्रसंगी हेच दोन शब्द वापरावेत की नाही, असा प्रश्न उभा राहिला होता. या दोन्ही गोष्टी आज सांगावयाच्या आहेत. त्यांपैकी मोठी आधी सांगतो.

प्रथम व्याकरणाचे थोडे पाहू. इंग्रजी भाषेत ‘गेट’, ‘गो’, ‘पुट’, ‘टेक’ अशी काही अगदी लहान क्रियापदे आहेत. त्यांच्या पाठीशी ‘आउट’, ‘इन’, ‘अप’, ‘ऑफ’ असा एखादा शब्द उभा राहिला की दोघांचा मिळून तिसराच अर्थ होतो. आमच्या वेळी मुले तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन बसत आणि या जोडक्रियापदांपाशी येऊन अडत. ‘गेट’ म्हणजे मिळविणे आणि ‘आउट’ म्हणजे बाहेर. मग ‘गेट आउट’ म्हणजे ‘बाहेर मिळविणे’ का नव्हे, असा प्रश्न एखादा चिकित्सक मुलगा विचारी. त्याला मी सांगत असे, की आपणही असेच करतो. ‘उठून बसला’ या शब्दांत उठणे आणि बसणे या दोन उलट क्रिया आहेत, तरी आपला घोटाळा होत नाही. ‘टाकून दिले’ यात कोणी कोणाला काही देत नाही. ‘निघून गेला’, ‘बोलून चुकला’, ‘देऊन टाकले’ ही सर्व याच घराण्यातील मंडळी होत. इंग्रजांनी शेपूट अव्ययाचे लावले, आपण दुसऱ्या क्रियापदाचे लावतो; एवढाच काय तो भेद.

आता ‘गेट आउट’ हे इंग्रजांच्या घरात कसे वावरते ते पहा. गाडीतून उतरणे हे ‘गेट आउट’; सकाळी अंथरुणातून उठणे हेही ‘गेट आउट’. घरातली गुप्त गोष्ट गावभर झाली, म्हणजे आपण ज्याला ‘बातमी फुटली’ म्हणतो, तेथेही तेच शब्द. अंगावर आलेल्या कामातून अलगद अंग काढून घ्यावयाचे असेल, तर त्यापुढे ‘ऑफ’ जोडून तेच शब्द. एखादी सवय सुटली तरी तेच. दिवसभर घरात बसून कंटाळलेल्या माणसास ‘जरा चार माणसांत मिसळत जा’ असे सांगावयाचे असले, तरी हेच दोन शब्द प्रेमाने उच्चारिले जातात. आणि गंमत अशी, की कोणी विश्वास न बसण्यासारखी गोष्ट सांगितली, तर ऐकणारा हसून ‘गेट आउट!’ म्हणतो. त्याचा अर्थ ‘चालता हो’ असा नसून ‘चल, काहीतरीच काय!’ असा असतो. आपणही त्या वेळी ‘चल!’ असेच म्हणतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दोन दूरच्या भाषांना अविश्वास दाखविताना समोरच्यास घालवून देण्याचीच भाषा सुचावी, यात मनुष्यस्वभावाचा काही एक धागा असला पाहिजे.

परंतु आपल्या देशात हे शब्द आले ते या सर्व परिवारासह आले नाहीत. त्यांची एकच मुद्रा आपणांस दिसली, आणि ती म्हणजे दाराकडे दाखविलेले बोट. साहेबाने पट्टेवाल्यास, मामलेदाराने कुळास आणि मास्तराने विद्यार्थ्यास म्हणावयाचे ते ‘गेट आउट’. वरच्याने खालच्यास म्हणावयाचे, खालच्याने वरच्यास कधीही नाही. शब्दाचे सारे गोड अर्थ समुद्रापलीकडेच राहिले, आणि त्याचे कडू टरफल तेवढे आपल्या वाट्यास आले.

हे आपणांस विशेष बोचते, याचेही कारण आहे. आपल्या घरात माणसास ‘जा’ म्हणण्याची रीत नाही. पाहुणा निघाला तर आपण ‘या’ म्हणतो. मुलगा परगावी निघाला तर तो ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून ‘जातो’ म्हणाला, तर आजी त्यास उंबरठ्यावरच थांबवून शब्द बदलावयास लावते. ज्या भाषेत निरोपाचा शब्दसुद्धा परतीचा असतो, त्या भाषेत ‘चालता हो’ ही साधी आज्ञा राहत नाही. तो संबंध तोडण्याचा शब्द होतो. आमच्या वऱ्हाडी बोलीत ‘चाल, निंघ इथून’ असे एकदा तोंडातून गेले, की दोन घरांचा व्यवहार दोन पिढ्या बंद पडलेला मी पाहिला आहे.

आता इतिहासाकडे वळू. राज्यकर्त्यांची ही जोडक्रियापदे राज्यकर्त्यांवरच उलटविण्याचा पहिला मोठा प्रसंग 1928 सालचा. सर जॉन सायमन यांच्या अध्यक्षतेखालील सात सभासदांचे कमिशन त्या वर्षी 3 फेब्रुवारीस मुंबई बंदरात उतरले. हिंदुस्थानच्या राज्यघटनेचा विचार करण्यास आलेल्या या मंडळात एकही हिंदी मनुष्य नव्हता. त्यांच्या स्वागतास काळी निशाणे आली आणि घोषणा आली ती ‘सायमन, गो बॅक’. ही घोषणा युसुफ मेहेरअली या मुंबईच्या तरुणाच्या नावावर सांगितली जाते. ‘गो बॅक’ हेही तसलेच जोडक्रियापद. परंतु गिरणीतल्या कामगारापासून कॉलेजातल्या विद्यार्थ्यापर्यंत कोणासही त्याचे भाषांतर करून द्यावे लागले नाही. ज्या दिशेने आलात त्या दिशेने परत फिरा, इतकाच त्याचा अर्थ. त्यात शिवी नाही आणि विनवणीही नाही.

यानंतर चौदा वर्षांनी, 1942 साली, आमच्या वर्धा जिल्ह्याकडे साऱ्या देशाचे डोळे लागले. महात्मा गांधी 1936 च्या एप्रिलअखेरीस वर्ध्याजवळच्या सेगावात राहावयास आले होते. त्या सेगावाची टपाले शेगावाकडे जाऊ लागली, म्हणून 1940 साली गावाचे नाव ‘सेवाग्राम’ झाले. नावातल्या एका अक्षराने माणसाची पत्रे भलत्या गावी कशी जातात, याचा अनुभव या गावाने असा आधीच घेतला होता. 1942 च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले. त्याच मार्चमध्ये सर स्टॅफर्ड क्रिप्स आपली योजना घेऊन आले आणि एप्रिलात रिकाम्या हाताने परतले. जून महिन्याच्या उन्हाळ्यात लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार एक आठवडा सेवाग्रामात राहून गांधीजींशी रोज बोलत होता. आणि 14 जुलै 1942 रोजी वर्ध्यास काँग्रेसच्या कार्यकारिणीने तो प्रसिद्ध ठराव केला, की हिंदुस्थानातील ब्रिटिश सत्तेचा अंत तात्काळ झाला पाहिजे.

ही मागणी एका आटोपशीर शब्दात कशी सांगावी, हा प्रश्न मुंबईतील विचारविनिमयात निघाला. शांतिकुमार मोरारजी यांनी नमूद करून ठेवलेली हकीगत अशी. कोणी एकाने ‘गेट आउट’ असे सुचविले. गांधीजींनी ते असभ्य म्हणून नाकारिले. राजगोपालाचारींनी ‘रिट्रीट’ किंवा ‘विथड्रॉ’ हे शब्द पुढे केले. म्हणजे माघार घ्या, काढता पाय घ्या. तेही पसंत पडले नाहीत. तेव्हा त्याच युसुफ मेहेरअलींनी गांधीजींस एक धनुष्य नजर केले. त्यावर ‘क्विट इंडिया’ ही अक्षरे होती. गांधीजींनी ‘तथास्तु’ अशा अर्थाचा उद्गार काढिला आणि शब्द ठरला. मेहेरअली हे त्या वर्षी तुरुंगात असतानाच मुंबईचे महापौर म्हणून निवडले गेले होते, हेही येथे सांगण्याजोगे आहे.

जे साम्राज्य हजारोंस तुरुंगात घालीत होते, त्यास उद्देशून बोलताना सभ्यतेची एवढी काळजी कशासाठी, असे आपणांपैकी कित्येकांस वाटेल. मलाही तरुणपणी तसेच वाटे. पुढे शब्दकोश उलटताना माझे मत पालटले. हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता; तो अर्थाचा प्रश्न होता.

‘गेट आउट’ हे माणसास उद्देशून असते. त्यात समोरच्याचे शरीर दाराबाहेर गेले, की आज्ञा पुरी झाली. ‘विथड्रॉ’ हा सेनापतीचा शब्द आहे. सैन्य आज मागे घेतले, तरी उद्या पुन्हा पुढे आणता येते. ‘क्विट’ची जात निराळी. त्याचे मूळ लॅटिन भाषेतील ‘क्वाएटस’ या शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ शांत, मोकळा असा आहे. शांततेचा ‘क्वाएट’ आणि निर्दोष सोडण्याचा ‘अक्विट’ हे त्याचेच भाऊबंद. दोन माणसांचे देणेघेणे चुकते झाले म्हणजे इंग्रज म्हणतो, आता आपण ‘क्विट्स’. आणि कायद्यात ‘नोटीस टु क्विट’ म्हणजे जागा खाली करण्याची नोटीस. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात भाडेपट्टा संपविण्याच्या प्रकरणी हाच ‘क्विट’ शब्द आहे. भाडेकरूवर अशी नोटीस बजावली, म्हणजे त्यास शिवी दिली असे होत नाही. तुझा या जागेवरील हक्क संपला आहे, इतकेच त्यास कळविले जाते. नोटीस बजावणाऱ्याची योग्यता मात्र त्यात स्पष्ट असते. ती घरमालकाची असते. गांधीजी बॅरिस्टर होते, त्यांच्या कानास हा शब्द परका नसणार. आजवर ज्यास पट्टेवाल्यासारखे ‘गेट आउट’ म्हटले जात होते, त्या देशाने ‘क्विट’ या एका शब्दाने मालकाची जागा घेतली. उलट ‘गेट आउट’च म्हटले असते, तर साहेबाचाच शब्द साहेबाच्याच सुरात परत केल्यासारखे झाले असते.

वर्ध्याचा ठराव या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. ब्रिटिश सत्ता जावी, याचा अर्थ प्रत्येक इंग्रज मनुष्याने देहाने हा देश सोडावा असा नाही, असे त्यात स्पष्ट करून सांगितले आहे. ज्यांस हा देश आपले घर मानून, इतरांच्या बरोबरीचे नागरिक म्हणून येथे राहावयाचे असेल, त्यांचा तर मुळीच प्रश्न नाही, असाही खुलासा आहे. युद्ध चालू असेतोवर दोस्त राष्ट्रांच्या फौजा येथे राहण्यासही हरकत घेतलेली नाही. 8 ऑगस्टच्या रात्री गवालिया टँकवर बोलताना गांधीजींनी इंग्रज माणसाविषयी मनात द्वेष ठेवू नका, आपले भांडण साम्राज्यशाहीशी आहे, असेच लोकांस बजाविले. माणूस आणि सत्ता यांत त्यांनी रेघ ओढली होती. ‘गेट आउट’ या शब्दाने ती रेघ पुसली गेली असती, कारण त्या शब्दास माणूसच दिसतो, हक्क दिसत नाही.

आता या शब्दाचे देशी भाषांत काय झाले ते पहा. हिंदीने त्याचे ‘भारत छोड़ो’ केले. ‘सोडणे’ हा शब्द ‘क्विट’च्या फार जवळचा आहे. आपण हक्क सोडतो, हट्ट सोडतो, गाय खुंट्यावरून सोडतो. सोडणाराही मोकळा होतो आणि सुटणाराही मोकळा होतो. परंतु आपण मराठी माणसांनी मात्र या चळवळीस ‘चले जाव’ म्हटले, आणि आजही पाठ्यपुस्तकांतून व सभांतून तेच नाव रूढ आहे. ‘छोडो भारत’ हेही अधूनमधून म्हणतो, पण जिभेवर पहिले येते ते ‘चले जाव’. मूळ हिंदुस्थानीत ‘चले जाओ’ ही ‘तुम’ची आज्ञा, तीत ‘तू’चा तुच्छपणा नाही, तसा ‘आप’चा आदरही नाही. आपल्या कानास मात्र तिच्यात ‘चालते व्हा’ ऐकू येते. म्हणजे जो अर्थ गांधीजींनी दाराशी थांबविला होता, तो आपल्या भाषेत मागच्या दाराने आत आला. हे दूषण म्हणून मी सांगत नाही. दीडशे वर्षे ज्याने ‘गेट आउट’ ऐकले, त्यास ते एकदा परत म्हणावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. पण आपण काय म्हणालो, हे आपणांस ठाऊक असावे.

शब्दांचा अर्थ समजावून सांगणारी माणसे 9 ऑगस्टच्या पहाटे पकडली गेली. गांधीजींस पुण्याच्या आगाखान महालात नेले. त्यांच्या मुखातले इंग्रजी आणि गुजराती शब्द पारखून घेणारे महादेवभाई देसाई तेथेच 15 ऑगस्ट 1942 रोजी निवर्तले. मागे उरल्या त्या घोषणा, आणि त्यांचा अर्थ ज्याने त्याने आपल्या अंतःकरणास विचारून लावावयाचा होता. दुसऱ्याच दिवशी, 16 ऑगस्टला, नागपंचमी होती. आमच्या जिल्ह्यातील आष्टी या गावी लोक पोलीस ठाण्यावर राष्ट्रध्वज लावावयास निघाले. गोळीबार झाला, गावकरी पडले. खवळलेल्या जमावाच्या हातून ठाण्यातील पोलीसही मारले गेले. त्या हुतात्म्यांमुळे गावास आज ‘शहीद आष्टी’ म्हणतात, आणि त्या नावापुढे माझे मस्तक लवते. तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. ज्यांस ‘चले जाव’ म्हणावयाचे होते, ते इंग्रज त्या ठाण्यात नव्हते. तेथे होती ती आपलीच, पगारासाठी खाकी पोशाख चढविलेली माणसे. माणूस आणि सत्ता यांतील रेघ सभामंडपात ओढणे सोपे असते. गोळ्या सुटू लागल्यावर ती दिसेनाशी होते, याबद्दल मी कोणास दोष देऊ?

आणि दोष देण्याचा मला अधिकारही नाही, कारण ती रेघ मी निवांत वर्गात, खडू हाती असताना पुसली आहे. माझा जो हिशेब बाकी आहे असे आरंभी म्हणालो, तो हा.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. मी पाचवीस इंग्रजी शिकवीत होतो. वर्गात एका शेतमजुराचा मुलगा होता. अंगाने किरकोळ, पण उच्चार स्वच्छ. कापूस वेचणीचे दिवस होते. तो रोज उशिरा येई, कारण सकाळी आईबरोबर वेचणीस जाई. हे मी विचारले असते तर मला कळले असते. मी विचारिले नाही. चौथ्या दिवशी तो दारात उभा राहिला तेव्हा मी पुस्तकातून मान वर न करता दोन शब्द उच्चारिले. आमच्या शाळेत त्या शब्दांचा अर्थ ‘तास संपेपर्यंत बाहेर उभा राहा’ असा होता. दुसरी सर्व मुले तो तसाच घेत, आणि बाहेर उभी राहून चिमण्या मोजीत. या मुलाने मात्र मी शिकविलेला अर्थ घेतला. ‘आउट’ म्हणजे बाहेर. कशाच्या बाहेर, ते मी सांगितले नव्हते. त्याने दप्तर उचलले आणि तो घरी गेला.

मला ध्यानात येण्यास आठ दिवस लागले. त्याच्या घरी गेलो तेव्हा तो बापाबरोबर हिंगणघाटच्या बाजूस कामास गेल्याचे समजले. त्याची आई म्हणाली, ‘गुरुजी, तुमीच त्याले जाय म्हनलं ना? तो म्हने, आता शाळेत याचं नाही.’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. गुरुजींनी सांगितले म्हणजे तसेच असणार, अशी तिची समजूत होती. मी पुष्कळ समजाविले; दुसऱ्यांदाही गेलो. मुलगा परत आला नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल शाईने रेघ ओढण्याचे काम माझ्याच हातून झाले.

व्याकरणाच्या दृष्टीने माझी चूक लहानशीच होती. क्रियापद मी वापरले आणि त्याचा अवधी सांगितला नाही. त्याचा उशीर मला नको होता. मुलगा नको होता असे नव्हे. मला घालवावयाचा होता तो त्याचा एक दोष, आणि मी घालविला तो आख्खा मुलगा. ज्या जिल्ह्यात राहून एका माणसाने साम्राज्यास जा म्हणतानासुद्धा शब्द तोलून घेतला, त्याच जिल्ह्यात मी दहा वर्षांच्या पोरापुढे तो तोलला नाही. पुढे 2009 साली शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि त्याच्या 17 व्या कलमाने मुलांस शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रास देण्यासही मनाई झाली. तरुण शिक्षकांपैकी काहींस ते कलम अडचणीचे वाटले. मी मात्र ते वाचून बराच वेळ गप्प बसलो होतो.

श्रोतेहो, आपल्या घरातही हा शब्द असतो. इंग्रजीत असेल वा मराठीत असेल. रागाच्या भरात मुलास, सुनेस, नोकरास तो म्हटला जातो, आणि म्हणणारा दहा मिनिटांत विसरतो. तेव्हा एवढेच मागणे आहे. तो ओठांवर आला, की क्षणभर थांबून स्वतःस विचारावे: मला काय जावयास हवे आहे? हा माणूस, की त्याच्या हातून झालेली गोष्ट? गोष्ट जावयास हवी असेल, तर तिचे नाव घेऊन सांगावे. माणसास दार दाखवू नये. दाराबाहेर गेलेला प्रत्येक जण बाहेर उभा राहून चिमण्या मोजीत नाही.

माझी वेळ संपली. येतो.